उणे चौदा घनमीटर

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला एका लहानशा बंदरात उणे चौदा घनमीटर कठीण लाकूड उतरलं. म्हणजे माझ्या टेबलावरच्या पडद्यावर उतरलं. मी आधी चष्मा पुसला, मग आकडा पुसला आणि गणित पुन्हा चालवलं. पुन्हा उणे चौदाच. शून्य असतं तर मी वळूनही पाहिलं नसतं. त्या बंदरात मासळी आणि सिमेंट यांखेरीज फारसं काही उतरत नाही, एखाद्या वर्षी लाकूड आलंच नाही तर त्यात नवल ते काय. पण आलंच नाही, याच्याही खाली? चौदा घनमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा कंटेनर. न आलेल्या लाकडातून अर्धा कंटेनर कोणीतरी परत नेला होता. मला हसू आलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी "काय झालं हो?" म्हणून विचारलं, तर मी "काही नाही, भुताटकी" म्हणाले. हसू केव्हाच मावळलं होतं, हे माझं मलाच जरा उशिरा कळलं.

सव्वीस वर्षं मी या कार्यालयात लाकूड मोजते आहे, एकाही फळीला हात न लावता. दरवर्षी एक अहवाल निघतो आणि त्याच्या नवव्या पानावर दोन रेघा असतात. निळी आमच्या देशाची, तांबडी शेजारच्या देशाची. कोणी किती कठीण लाकूड बाहेरून आणलं, वर्षामागून वर्ष. ओक, बीच, अक्रोड, महोगनी, सगळं चिरून फळ्या होऊन आलेलं. बाकीची पानं बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची. हे पान माझं. सुरुवातीची वर्षं निळी वर होती आणि तांबडी तिच्या हाताला धरून चालावी तशी खालून चालायची. मग सतरा वर्षांपूर्वी निळी एकदम घसरली, तांबडी तिला ओलांडून गेली आणि पुन्हा काही दोघींची गाठ पडली नाही. त्या घसरणीवर लोकांनी काय काय लिहिलं! कोणी म्हणालं, आपल्या लोकांना प्लॅस्टिकची चटक लागली. कोणी म्हणालं, शेजारचे मुळातच चिवट, टिकाऊ वस्तूंची कदर असलेले. लिहिणाऱ्याचं काय जातं? पण मीही त्यातलीच. हळूहळू मला तो देशच भारदस्त वाटायला लागला. तिथं माणसं जड टेबलांशी बसून हळू बोलत असतील, दारं लावताना दमदार आवाज होत असेल, आणि आम्ही इथं पोकळ दारांच्या घरांत राहणारी, उथळ होत चाललेली माणसं. एकदा परिषदेसाठी तिथं गेले होते तेव्हा तीन दिवस मी दिसेल त्या टेबलावर बोटाच्या पेरानं टकटक करत हिंडले. निम्म्याहून अधिक प्लायवूड निघालं. तरी माझं मत बदललं नाही. माझ्याकडे रेघ होती ना.

नव्या साहेबांना यंदा बंदरवार आकडे हवे होते, म्हणून तर हे सगळं उघड्यावर आलं. आजवर सगळी बंदरं एका गोणीत होती. मोठ्या बेरजेत लहानसहान चूक बिनबोभाट मुरते. त्या मासळीच्या बंदरात मात्र मुरायला जागाच नव्हती. मी जुन्या फायली काढल्या. दोन देशांचं लाकूड ताडून पाहायचं तर दोघांकडे एकच जिन्नस मोजला पाहिजे, हे माझं पहिल्यापासूनचं तत्त्व. जमिनीला बसवायच्या, कडेला खाच पाडलेल्या फळ्या म्हणजे खरं तर तयार माल, पण शेजारचा देश त्या साध्या फळ्यांतच धरतो, आणि पूर्वी आम्हीही धरायचो. म्हणून दोघांच्याही बेरजेतून त्या खाचेच्या फळ्या मी दरवर्षी वजा करते. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच ती शिस्त लावून घेतली होती, आणि तिचा मला अभिमान होता. आमच्या जकातखात्यानं मात्र सतरा वर्षांपूर्वी त्या फळ्यांना वेगळा रकाना दिला. म्हणजे आमच्या बेरजेतून त्या आधीच निघालेल्या होत्या आणि मी त्या पुन्हा काढत होते. मासळीच्या बंदरात यंदा नुसत्या खाचेच्याच फळ्या आल्या होत्या, चौदा घनमीटर, म्हणून तिथं शून्यातून चौदा गेले. निवडलेली डाळ परत निवडायला घ्यावी आणि खडे सापडत नाहीत म्हणून डाळच फेकत बसावं, तसलं काम. आळशी बाईच्या हातून हे कधी झालं नसतं. रकाना बदलल्याचं परिपत्रक फायलीत नीट लावलेलं होतं. खाली कोपऱ्यात 'वाचले' असं लिहिलं होतं आणि पुढे माझी सही होती, तेव्हाची, जरा जास्तच नक्षीदार.

जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठून गेले. मी डबा न उघडता सतरा वर्षांची वजाबाकी उलटी केली. निळी रेघ हळूहळू वर आली. त्या वर्षी ती घसरली नव्हतीच. उलट जरा चढली होती. पुढेही चढतच गेली होती. तांबडी आजतागायत तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती. सगळं चित्र नीट दिसलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते साहेब नव्हेत, लेख लिहिणारे विद्वान नव्हेत. मला दादा आठवला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमची लाकडाची वखार होती, आत चिरायची करवत. मी शाळेतून आले की फळ्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची. माझ्या वह्यांच्या पानांत भुसा असायचा आणि बाई म्हणायच्या, हिच्या वहीला वास येतो. मला तो वास येत नसे. अजूनही कुठं ओल्या लाकडाचा वास आला की मला आधी शाळेतली गणितंच आठवतात. बाबा फळी मोजायचे आणि मी मागून माप पडताळून पाहायची. एकदा त्यांचं माप अर्ध्या बोटानं चुकलेलं मी गिऱ्हाइकासमोर सांगितलं, तेव्हापासून दादानं माझं नाव फूटपट्टी ठेवलं. बाबा गेल्यावर वखार त्याच्याकडे आली. तो ती चालवायचा म्हणण्यापेक्षा तिच्यात राहायचा. करवतीचा आवाज जरा बदलला तर जेवता जेवता त्याचा घास थांबायचा. वहिनी म्हणायची, माझा आवाज बदलला तर यांना आठवड्यानं कळतं.

तो माझ्या कार्यालयात आयुष्यात एकदाच आला. निळी घसरली त्या वर्षीचे आकडे हातात आले त्याच आठवड्यात. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण कानामागे भुसा राहिलेला. समोरच्या खुर्चीत तो असा बसला की जणू खुर्ची तपासतोय. खाली वाकून तिचा सांधा पाहिलाच त्यानं. मोठी करवत घ्यायची आणि लाकूड सुकवायची बंद खोली बांधायची असं त्याच्या मनात होतं. नाहीतर जागेला गिऱ्हाईक होतं, तिथं गाड्या ठेवायची इमारत उठणार होती. "फूटपट्टी," तो म्हणाला, "मला तुझं ते सगळं कळत नाही. लाकूड येणार की आटणार, एवढंच सांग." मी नववं पान त्याच्यापुढे ठेवलं. शाई वाळलेली नव्हती म्हटलं तरी चालेल, इतकं ताजं. निळ्या रेघेवर पेन्सिल टेकवून मी म्हणाले, "दादा, आटतंय. एका वर्षात अठ्ठावीस टक्के." त्यानं त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद मागून घेतला, चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला आणि चार महिन्यांत वखार विकली.

मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं, हे आता सांगायची लाज वाटते. माझ्या घरात माझं कोणी ऐकतं, तेही दादा! पुढे शेजारच्या दोन वखारी बंद पडल्या. एक आगीत गेली, दुसरी पोरांच्या भांडणात. पण लोकांना कारण एकच पुरतं. दादानं वेळेवर ओळखलं, असं सगळे म्हणायला लागले. हमरस्त्यावर मोठमोठे कारखाने उभे राहिले, तिथं दिवसरात्र लाकूड चिरलं जायचं, ते आम्ही येता-जाता पाहत होतो. तरी कोणाच्या मनात शंका आली नाही. दादा दारं-खिडक्यांच्या एका दुकानात माल तपासायला जायला लागला. मान खाली घालून गेला नाही, हे मी मुद्दाम सांगते. वेळेवर बाहेर पडलेला शहाणा माणूस म्हणून गेला. लग्नकार्यात, दवाखान्यात, रस्त्यात कोणी विचारलं की तो मला पुढे ओढायचा. "माझी ही बहीण. हिनं आलेख दाखवला, मी ऐकलं, म्हणून आज डोक्याला ताप नाही." मी लटकंच "काहीतरीच काय दादा" म्हणायची. सतरा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल ते मला सांगता येणार नाही, आणि बाकी सगळं मी मोजत आले.

संध्याकाळी पाच वाजता माझ्यासमोर दोन वाटा होत्या. त्या बंदराच्या रकान्यात एक आडवी रेघ टाकली की संपलं. आडवी रेघ म्हणजे माहिती उपलब्ध नाही, आणि आमच्या अहवालात माहिती उपलब्ध नसण्याला कोणी हसत नाही. नाहीतर सतरा वर्षं दुरुस्त करायची, खाली तीन ओळींची टीप द्यायची, आणि मग जो नववं पान उघडेल त्याला दिसेल की लाकूड आटलंच नव्हतं. व्यापारातली माणसं दुसरं काही वाचत नाहीत, पण नववं पान वाचतात. दादाचं शहाणपण सगळं त्या रेघेवर उभं होतं. साठी उलटल्यावर माणसाला सांगायचं, तुझं आयुष्य मी दोनदा वजा केलं? मी संगणक बंद केला. बसथांब्यावर उभी राहिले तर समोरच्या बाकाच्या फळ्या मोजत होते. पाच. पुन्हा मोजल्या.

शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे गेले. अहवाल सोमवारी छापायला जायचा होता. दादा गच्चीलगतच्या खोलीत खुर्चीचा मोडका पाय बसवत होता. सुट्टीच्या दिवशी तो इमारतीतल्या लोकांची अशी कामं करतो, कोणी मागितली नसली तरी. "या फूटपट्टी," तो म्हणाला. "चहा हवा असेल तर आतल्या सरकारकडे अर्ज कर." वहिनी चहा घेऊन आली. मी वाटेत केलेली सगळी जुळवाजुळव विसरले आणि म्हणाले, "दादा, माझा आकडा चुकला होता."

"कुठला?"

"तो. तुझा."

त्याला कळलं. मी खाचेच्या फळ्यांचं समजावून सांगितलं, दोनदा वजा झाल्याचं सांगितलं, परिपत्रकावरच्या सहीचं आणि आडव्या रेघेच्या पळवाटेचंसुद्धा सांगितलं. तो ऐकता ऐकता पायाच्या खोबणीत अंगठा फिरवत होता. मी थांबले तेव्हा त्यानं विचारलं, "मग त्या वर्षी किती उतरलं होतं?"

"उतरलं नव्हतं. तीन टक्के चढलं होतं."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"पाच."

"त्याच्या पुढच्या?"

मी सांगत गेले. तो विचारत गेला, एकेक वर्ष, सतराच्या सतरा. मला पाठ होते. खिडकीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर आली होती आणि तिच्यात लाकडाची धूळ तरंगत होती. मला वाटलं, हा आता ओरडला तर बरं होईल. लहानपणी तो रागावला की दाणदाण पाय आपटत करवतीपाशी जायचा आणि दहा मिनिटांनी घाम पुसत परत यायचा. आता जायला करवत नव्हती. शेवटचं वर्ष झाल्यावर त्यानं खुर्चीचा पाय बाजूला ठेवला.

"म्हणजे चाललं असतं," तो म्हणाला. मला उद्देशून नव्हे. "मोठी करवत घेतली असती, तर चाललं असतं."

मला रडू फुटलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं भावासमोर नाक ओढत रडावं, काय ते ध्यान. वहिनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सतरा वर्षं झाली. तुम्ही म्हणता तसं ती आडवी रेघ टाका आणि मोकळ्या व्हा. कोण बघायला येतंय?" मी दादाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. त्यानं "राहू दे" म्हणावं, एवढ्यासाठीच मी आले होते. त्याला खरं सांगण्याचं पुण्य पदरात पडावं आणि रेघही जागची हलू नये, असा माझा दुहेरी बेत होता.

"भलतंच," दादा म्हणाला. "माप चुकलंय हे कळल्यावर कोणी फळी कापतं का? दुरुस्त कर."

"लोक काय म्हणतील दादा?"

"काय म्हणतील? गाढव होता म्हणतील." त्यानं गोंदाची बाटली जवळ ओढली. "छापायला कधी जातं?"

"सोमवारी."

"मग परवापर्यंत मी शहाणाच की," तो म्हणाला, आणि हसला. वहिनी हसली नाही. ती कपबश्या उचलून आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी निघायला उठले तेवढ्यात वखारवाले काका आले. पोरांच्या भांडणात जी वखार बुडाली ती यांची. सत्तरीचे आहेत, शनिवारी दुपारी दादाकडे येऊन बसतात आणि लाकडाला शिव्या देतात. पोरांना देता येत नाहीत ना. खुर्चीत टेकल्या टेकल्या ते मला म्हणाले, "काय गं, यंदाचा कागद निघाला का तुझा? आणखी किती आटलं?" उत्तराची वाट न पाहता ते दादाकडे वळले. "तुझं बरं होतं बाबा. तुला घरचीच सांगणारी होती. मला कोणी असं वेळेवर सांगितलं असतं तर?"

हे वाक्य आलं की पुढचं काय येतं ते मला ठाऊक होतं. माझी ही बहीण, हिनं आलेख दाखवला. इतकी वर्षं ते ऐकताना मी आतून फुलायची. आज वाटलं, जमीन दुभंगली तर त्यात उतरावं. सोमवारनंतर याच वाक्याचं सगळ्या बाजारात काय होईल ते मला लख्ख दिसत होतं.

"मला कुठं कोणी सांगितलं?" दादा म्हणाला.

"अरे, तूच तर सांगत आलास! बहिणीनं आलेख..."

"ते आपलं बोलायला, काका. चार लोकांत बहिणीला जरा मोठेपणा मिळावा म्हणून." त्यानं खुर्चीचा पाय पुन्हा उचलला, डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून सरळ आहे का पाहिलं. "खरं म्हणजे ही तेव्हा नकोच म्हणत होती. विकू नकोस, लाकूड वाढणार आहे, म्हणून हातापाया पडत होती. मीच ऐकलं नाही. माझ्या डोक्यात भरलं होतं."

काका माझ्याकडे पाहायला लागले. आतला नळ बंद झाला होता; वहिनी दारात येऊन उभी होती. दादानं माझं ऐकलं होतं, ही माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट होती जिचा मी गर्व केला, आणि माझी चूक उचलून नेताना तो तीही उचलून नेत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नाही, यानं ऐकलं होतं, माझंच ऐकलं होतं.

"खरं की काय गं?" काकांनी विचारलं.

दादा पायाला गोंद लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण त्याचा हात थांबला होता.

"हो," मी म्हणाले.